ना डिग्री, ना नोकरी, कानाने कमी ऐकू यायचं. पण प्रत्येक अँटेनाच्या वायरीत आजही याचंच गणित आहे

रात्रीचे अकरा वाजलेत. दोन उंच झाडांच्या मध्ये साधारण ४० मीटर लांबीची तांब्याची तार ताणून बांधली आहे. तारेच्या मध्यापासून एक काळी केबल खाली खोलीत आली आहे आणि रेडिओला जोडली आहे. खोलीतला माणूस बटण दाबतो, मीटरकडे बघतो. काटा नको तिथे चढलेला. झालं, आता रात्रभर हेच काम. तार थोडी कापा, थोडी वाढवा, कॉइल लावा, पुन्हा मीटर बघा.

हा माणूस म्हणजे हॅम. रीतसर परीक्षा देऊन, सरकारचं लायसन्स घेऊन, निव्वळ हौसेपोटी रेडिओवरून जगभरातल्या लोकांशी बोलणारा. त्यातही ८० मीटर, १६० मीटर अशा लांब लहरींवर, म्हणजे लो बँडवर काम करणारे हॅम जरा जास्तच चिकाटीचे. लहर लांब म्हणून तारही लांब, आणि ती जुळवायची डोकेदुखीही मोठी.

आता गंमत बघा. हा हॅम ज्याच्याशी झगडतोय तो शब्द इम्पिडन्स. तो जी कॉइल लावतोय तिच्या गुणाचं नाव इंडक्टन्स. ती काळी केबल म्हणजे को-अ‍ॅक्सियल केबल. आणि त्याचा आवाज आकाशातल्या ज्या थरांवरून परत जमिनीवर येणार, त्यातल्या एका थराला एका माणसाचं नाव आहे.

दोन्ही शब्द त्याच माणसाने दिले. तसल्या केबलचं पेटंट त्याने १८८० मध्येच घेतलं होतं. आकाशात असा थर असणार, हे भाकीत करणाऱ्या पहिल्या दोघांपैकी एक तोच.

त्याचं नाव ऑलिव्हर हेविसाइड. आणि त्याच्याकडे कॉलेजची डिग्री सोडा, आयुष्यातली शेवटची पन्नास वर्षं साधी नोकरीही नव्हती.

घरात पैसे नव्हते, पण काकांची वट होती

हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० चा, लंडनच्या कॅम्डन टाउन भागातला. चार भावांत हा धाकटा. वडील लाकडावर कोरीव काम करून छपाईसाठी चित्रांचे ठसे बनवायचे. पण फोटोग्राफीचा जमाना येत होता आणि या धंद्याला उतरती कळा लागली होती. घरात पैशांची कायम ओढाताण.

त्यात लहानपणी ऑलिव्हरला स्कार्लेट फीव्हर झाला. जीव वाचला, पण ऐकू कमी यायला लागलं. गल्लीतल्या पोरांमध्ये मिसळणं अवघड झालं आणि पोरगा एकलकोंडा झाला. पुढे ऐकणं बरंचसं सुधारलं, पण एकटं राहायची सवय जन्मभर राहिली.

शाळेत मात्र हुशार. १८६५ च्या एका मोठ्या परीक्षेत ५०० हून जास्त मुलांमध्ये तो पाचवा आला. गंमत म्हणजे पुढे गणिताच्या जोरावर जग हलवणारा हा गडी त्या परीक्षेत भूमितीत मागे पडला होता. पाठांतर करून सिद्धता लिहिणं त्याला कधीच पटलं नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे शिकवायला पैसेच नव्हते.

पण एक नातं कामाला आलं. त्याच्या मावशीचे यजमान होते चार्ल्स व्हीटस्टोन. इंग्लंडमध्ये तारयंत्र आणणाऱ्यांपैकी एक मोठं नाव. त्यांनी भाच्याला तारखात्याच्या वाटेला लावलं. १८६८ मध्ये ऑलिव्हर डेन्मार्कला गेला आणि तार ऑपरेटर म्हणून कामाला लागला. वय १८.

समुद्राखालची तार आणि एक विचित्र गोष्ट

त्या काळात समुद्राखालून केबल टाकणं म्हणजे आजच्या इंटरनेटइतकी मोठी गोष्ट होती. पण या केबल्स त्रास द्यायच्या. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली केबल गेली. तिच्यावरून इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा संदेश पाठवायला तब्बल १६ तास लागले होते, आणि काही आठवड्यांत ती केबल बंदच पडली. अडचण अशी की एका टोकाला खटकन दिलेला सिग्नल दुसऱ्या टोकाला पसरट होऊन निघायचा. घाईने पाठवलं की अक्षरं एकमेकांत मिसळायची.

इंग्लंड आणि डेन्मार्कमधल्या केबलवर काम करताना आणखी एक कोडं समोर आलं. एका दिशेने संदेश जास्त वेगाने पाठवता यायचे, उलट दिशेने कमी वेगाने. केबल तीच, माणसं तीच, मग फरक का?

हेविसाइडने ते गणिताने सोडवलं. समुद्रातली केबल एकच असली तरी तिच्या दोन्ही टोकांना जमिनीवरच्या तारा जोडलेल्या होत्या, आणि त्या सारख्या नव्हत्या. म्हणजे लाइनवर काय होणार हे फक्त लाइन ठरवत नाही. तिच्या टोकाला काय जोडलंय, त्यावरही ते अवलंबून असतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्या हॅमची आख्खी रात्र याच गोष्टीपायी जाणार आहे.

२४ व्या वर्षी राजीनामा

१८७३ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ आला. हेविसाइडने तो चाळला आणि त्याच्या डोक्यात तोच बसला. अडचण एकच होती, त्यातलं गणित त्याला येत नव्हतं. शाळेत बीजगणित आणि थोडी त्रिकोणमिती झालेली, तीही विसरत चाललेली.

पठ्ठ्याने १८७४ मध्ये नोकरी सोडली आणि लंडनला आईवडिलांच्या घरी येऊन बसला. त्यानंतर त्याने कधीच नोकरी केली नाही. एका खोलीत दार लावून बसायचं, वाचायचं, लिहायचं. घरच्यांनी जेवण दिलं तर खायचं. मोठा भाऊ आर्थर टपाल खात्यात तारयंत्र इंजिनिअर होता, तो कामातले प्रश्न आणून द्यायचा आणि पैशाचीही मदत करायचा.

कॉलेजचं तोंड न बघितलेल्या या माणसाने एकट्याने मॅक्सवेल पचवला. इतका पचवला की मॅक्सवेलने १८६५ मध्ये २० समीकरणांत मांडलेला पसारा त्याने १८८४-८५ च्या सुमारास चार समीकरणांत आणून ठेवला. आज इंजिनिअरिंगची पोरं मॅक्सवेलची चार समीकरणं म्हणून जे घोकतात, ती मांडणी मुळात हेविसाइडची. मॅक्सवेल ते बघायला नव्हते, ते १८७९ मध्येच वारले होते.

लाइनचा स्वतःचा स्वभाव असतो

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

त्याआधी लोक तारेकडे साध्या नळीसारखं बघायचे. इकडून वीज घातली, तिकडून निघाली. फार तर तारेचा विरोध आणि तिच्यात साठणारा विद्युतभार, एवढं मोजायचं. हेविसाइडने १८७६ पासून त्यात तिसरी गोष्ट आणली, ती म्हणजे इंडक्टन्स. करंट बदलायला लागला की तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्या बदलाला अडवतं, तो गुण. हे गणितात घेतल्यावर चित्रच बदललं. लाइनवरून वीज नुसती झिरपत नाही, तर लहर बनून धावते.

आणि धावणाऱ्या लहरीचा एक नियम असतो. तिच्यातला व्होल्टेज आणि करंट यांचं प्रमाण लाइनच्या रचनेवरून ठरतं. लाइनच्या एका मीटरमधला इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स घ्या, एकाला दुसऱ्याने भागा, वर्गमूळ काढा, की ते प्रमाण मिळतं. हॅमच्या काळ्या केबलवर ५० ओहम लिहिलेलं असतं ते हेच. मल्टिमीटर लावून बघितलं तर ५० ओहम कुठेच दिसणार नाहीत, कारण तो तारेचा विरोध नाही, लहरीचं प्रमाण आहे.

आता ही लहर टोकाला पोचली आणि तिथे जोडलेली वस्तू वेगळंच प्रमाण मागत असेल तर? जाड दोरीला बारीक दोरी बांधून झटका देऊन बघा. गाठीपाशी पोचल्यावर लहरीचा काही भाग पुढे जातो, काही मागे फिरतो. केबलमध्ये अगदी हेच होतं. जेवढं प्रमाण बिघडलेलं, तेवढी जास्त वीज परत.

हॅमच्या भाषेत हिशोब करू.

लहरीच्या निम्म्या लांबीची तार मध्यातून तोडून तिथे केबल जोडली तर त्याला डायपोल म्हणतात. ८० मीटर बँडसाठी ही तार साधारण ४० मीटरची. मोकळ्या जागेत तिचा इम्पिडन्स ७३ ओहमच्या आसपास असतो. ५० ओहमच्या केबलला ती जोडली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास पॉवर परत येते. चालतंय की!

पण जागेची अडचण असेल आणि तीच तार मध्याऐवजी टोकाला जोडली, तर तिथे करंट कमी आणि व्होल्टेज जास्त. इम्पिडन्स जातो दोन-अडीच हजार ओहमच्या घरात. अडीच हजार धरले तर तार घेण्याआधीच ९२ टक्के पॉवर मागे फिरते. म्हणून तिथे छोटा ट्रान्सफॉर्मर लावतात. एका बाजूला वायरचा एक वेढा तर दुसऱ्या बाजूला सात. सातचा वर्ग ४९, त्यामुळे अडीच हजार ओहम केबलला ५० ओहमसारखे दिसतात. झालं मॅचिंग.

तार आखूड पडली तर ती कपॅसिटरसारखी वागते, तिथे कॉइल लावून तो परिणाम खोडावा लागतो. हॅम रात्री जी कॉइल फिरवत बसतो ती यासाठी.

आणखी एक गोष्ट, जी नवशिके हॅम हमखास चुकतात. रेडिओजवळ ट्यूनर लावला की मीटर छान दिसतो. पण त्याने रेडिओची समजूत निघते, केबल आणि तारेतलं भांडण तसंच राहतं. लहर केबलमध्ये पुढेमागे होत राहते आणि प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णता बनून जाते. लो बँडवर चांगल्या, लहान केबलमध्ये हा तोटा कमी असतो, त्यामुळे थोड्या बिघाडाने घाबरायचं कारण नसतं. बिघाड मोठा असेल तर मात्र जुळवणी तार आणि केबल जिथे भेटतात तिथेच करावी, नाहीतर केबलऐवजी उघड्या दोन समांतर तारांची लाइन वापरावी. तिच्यात तोटा फारच कमी असतो.

हेविसाइडने हॅम रेडिओ केला नाही. त्याने हे लिहिलं तेव्हा रेडिओच नव्हता. पण हिशोब त्याचाच चालतो.

मग साहेब आडवे आले

इथून पुढे विषय गंभीर होतो.

१८८० च्या दशकात टेलिफोन पसरत होता, पण लांबच्या लाइनवर आवाज फाटायचा. सगळ्यांना वाटायचं की इंडक्टन्स हा शत्रू आहे, तो कमी करा. हेविसाइडचं गणित बरोबर उलटं सांगत होतं. लाइनमधल्या चार गुणांचं विशिष्ट प्रमाण जमलं तर आवाज क्षीण होईल, पण फाटणार नाही. आणि ते प्रमाण जमवायचं तर इंडक्टन्स कमी नाही, वाढवायला हवा.

१८८७ मध्ये आर्थर आणि ऑलिव्हर या भावांनी टेलिफोनवर मिळून एक लेख तयार केला. त्यात हा मुद्दा होता. आर्थर सरकारी नोकर, त्यामुळे छापायला वरची परवानगी हवी. वर बसले होते विल्यम प्रीस, ब्रिटिश टपाल खात्यातलं विजेच्या कामातलं सगळ्यात वजनदार नाव. इंडक्टन्स वाईट, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं. आता तारखात्यातून बाहेर पडलेला एक बेकार माणूस त्यांना चूक ठरवणार होता.

लेख अडवला गेला. आर्थरला नोकरी टिकवायची होती, तो गप्प बसला. ऑलिव्हर गप्प बसणाऱ्यातला नव्हता. द इलेक्ट्रिशियन नावाच्या साप्ताहिकात तो वर्षानुवर्षं लिहीत होता, तिथेही प्रीस यांना चिमटे काढायचा. पण त्याच वर्षी त्याला छापणारा संपादक गेला, नवा आला आणि लेखमाला बंद झाली. दुसरीकडेही दारं लागली. ज्या वर्षी त्याच्या हातात आयुष्यातला सगळ्यात उपयोगी शोध होता, त्याच वर्षी तो छापायला जागा उरली नाही.

मग १८८८ मध्ये जर्मनीत हाइनरिख हर्ट्झने प्रयोगशाळेत विजेच्या लहरी दाखवल्या. हवेतून जाणाऱ्या, टोकावर आदळून परतणाऱ्या. मॅक्सवेलचं म्हणणं खरं निघालं आणि अचानक सगळ्यांना या लहरी समजावून सांगणारा माणूस हवा झाला. १८८९ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी इंजिनिअरांच्या संस्थेत अध्यक्ष म्हणून बोलताना हेविसाइडच्या कामाचं जाहीर कौतुक केलं. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

मान मिळाला, पैसा नाही. १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल प्युपिन या प्राध्यापकाने ठरावीक अंतरावर कॉइल लावून लाइनचा इंडक्टन्स वाढवायच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं. अमेरिकेच्या बड्या टेलिफोन कंपनीने ते विकत घेतलं आणि प्युपिन श्रीमंत झाले. कॉइल किती अंतरावर हव्यात याचं नेमकं गणित अमेरिकेत झालं, हे खरं. पण इंडक्टन्स वाढवा ही मूळ कल्पना हेविसाइडने तेरा वर्षं आधी मांडली होती, आणि त्याने तिचं पेटंट घेतलं नव्हतं. हा डंख त्याला शेवटपर्यंत सलत राहिला.

आकाशातला आरसा आणि मुंबईचं कनेक्शन

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने इंग्लंडहून पाठवलेला सिग्नल अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं जाहीर केलं. प्रश्न पडला, पृथ्वी गोल आहे, लहर सरळ जाते, मग ती वाकली कशी?

१९०२ मध्ये दोघांनी वेगवेगळं एकच उत्तर दिलं. वर हवेत वीज वाहून नेणारा थर असला पाहिजे. एक हेविसाइड, ज्याने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या लेखात हे लिहून टाकलं. दुसरे अमेरिकेतले आर्थर केनेली. आणि या केनेलींचा जन्म १८६१ मधला, आपल्या मुंबईतल्या कुलाब्याचा!

त्या थराला केनेली-हेविसाइड थर म्हणायला लागले. आज त्याला ई थर म्हणतात. रात्री लो बँडवरचे दूरदूरचे सिग्नल मुख्यतः त्याच्याही वरच्या एफ थरातून परततात, पण वर काहीतरी आहे ही पहिली चाहूल या दोघांची.

शेवटचे दिवस

१८८९ पासून हेविसाइड इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हन भागात राहायला गेला होता. आधी आईवडिलांसोबत, भावाच्या वाद्यांच्या दुकानाच्या वर. आईवडील गेल्यावर एकटा. रॉयल सोसायटीने मदतनिधीतून पैसे देऊ केले तर त्याने नाकारले, त्याला ती भीक वाटली. शेवटी मित्रांनी समजूत काढून १८९६ मध्ये सरकारी पेन्शन घ्यायला लावलं. वर्षाला १२० पौंड.

१९०८ मध्ये तो टॉर्कीला आला. म्हातारपणी तब्येत खचली आणि स्वभाव जास्तच तिरसट झाला. गॅसचं बिल थकलं की गॅस तोडला जायचा. घरात फर्निचरच्या जागी ग्रॅनाइटचे दगड होते, नखांना गुलाबी रंग असायचा, असं भेटायला गेलेल्यांनी सांगितलंय. सहीखाली तो चार अक्षरं लिहायचा, डब्ल्यू ओ आर एम. जोडून वाचलं तर इंग्रजीत किडा. मोठमोठ्या पदव्या मिरवणाऱ्यांना हा टोमणा होता की स्वतःवरचा विनोद, हे ज्याने त्याने ठरवावं.

१९२२ मध्ये इंग्लंडच्या विद्युत इंजिनिअरांच्या संस्थेने फॅरेडे पदक सुरू केलं आणि पहिलंच पदक त्याला दिलं. डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड अ‍ॅपलटनने प्रयोगाने दाखवलं की तो आकाशातला थर खरंच आहे. आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला, शिडीवरून पडल्यानंतर काही दिवसांनी, हेविसाइड गेला. थर शोधणाऱ्या अ‍ॅपलटनला १९४७ मध्ये नोबेल मिळालं.

प्रीस साहेब सर झाले, प्युपिन श्रीमंत झाले. हेविसाइडच्या वाट्याला काय आलं? शब्द आले. आज जगात कुठेही कुणी इम्पिडन्स म्हणतं, तेव्हा ते साहेबांनी छापू न दिलेल्या माणसाची भाषा बोलत असतं.

तिकडे आपल्या हॅमने तार फूटभर कापली आहे. पुन्हा बटण दाबलं. काटा खाली आला. पॉवर परत न फिरता तारेत गेली, तारेतून आकाशात, आणि कुठल्यातरी दुसऱ्या देशातून उत्तर आलं.

हे जुळलं कशामुळे? तर लाइनच्या टोकाला काय जोडलंय तेही मोजा, असं सांगणाऱ्या एका तार ऑपरेटरमुळे.